शेजाऱ्याची कथा, आपली मुद्रा

सिंगापूरच्या आंग मो किओ भागात एकाच मजल्यावर चिनी, मलय आणि भारतीय बिऱ्हाडं शेजारी-शेजारी राहतात. हे आपोआप घडलेलं नाही. सरकारी गृहनिर्माण मंडळाने १९७३ पासून इथे इमारती उभ्या करायला घेतल्या. १९८९ मध्ये सरकारने नियम केला, की प्रत्येक इमारतीत प्रत्येक समाजाची घरं ठरावीक प्रमाणातच असावीत आणि कोणा एका समाजाची वेगळी वस्ती होऊ नये. त्यामुळे चिनी सातव्या महिन्यात पितरांसाठी मोकळ्या जागेत मांडव पडतो, गाणीबजावणी होते, तेव्हा तो आवाज वरच्या मजल्यावरच्या मराठी घरातही येतो. भाद्रपदात त्या घरातल्या आरतीच्या झांजा समोरच्या चिनी आजींना ऐकू जातात.

देशातली पहिली मेट्रो ७ नोव्हेंबर १९८७ ला यिओ चू कांग ते तोआ पायो या टप्प्यावर सुरू झाली. आंग मो किओ हे त्यातलंच एक स्थानक. सुट्टीच्या दिवशी सकाळी याच मार्गावर कमरेला ओढणी घट्ट आवळलेल्या, पिशवीत घुंगरं घेतलेल्या मुली दिसतात. त्यांच्यात तमिळ आणि मल्याळी मुली असतात, आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून आलेल्या घरांतल्या मराठी मुलीही असतात. वीसेक मिनिटांत त्या शहराच्या जुन्या भागात उतरतात. तिथल्या वॉटरलू स्ट्रीटवर कुआन यिन देवीचं चिनी देऊळ आणि कृष्णाचं देऊळ अगदी लागून आहेत. चिनी भक्त एका देवळात उदबत्ती लावतात आणि तसेच पुढे होऊन कृष्णापुढेही लावतात. सिंगापूरच्या भारतीय नृत्याची जुनी संस्था, भास्कर्स आर्ट्स अकॅडमी, हिचे वर्ग याच रस्त्यावरच्या स्टॅमफर्ड आर्ट्स सेंटरमध्ये भरत आले आहेत. या जागेला शोभावं असंच या संस्थेचं काम आहे.

त्याची सुरुवात १९५२ मध्ये झाली. के. पी. भास्कर हे केरळचे तरुण नर्तक ऑस्ट्रेलियाला निघाले होते. वाटेत सिंगापूरला थांबले आणि तिथलेच झाले. सिंगापूर तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होतं. बंदरात आणि रबराच्या व्यापारात राबणाऱ्या भारतीयांपैकी बहुतेक जण पुरुष होते, पैसे साठवून गावी परतण्याच्या विचाराने आलेले. अशा वस्तीत शास्त्रीय नृत्याची शाळा काढायची हे धाडसच होतं. भास्करांनी ते केलं. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांच्याशी लग्न होऊन शांता केरळहून सिंगापूरला आल्या. त्यांचा जन्म १९३९ चा, म्हणजे वय जेमतेम सोळा. नृत्य त्या लहानपणापासून शिकलेल्या होत्या. नव्या देशात घरही लावायचं होतं आणि वर्गही चालवायचे होते.

आणि अवघ्या तीन वर्षांत या मुलीने ते नृत्यनाट्य उभं केलं, ज्याचं नाव सिंगापूरच्या नृत्याच्या इतिहासात आजही पहिल्यांदा घेतलं जातं. १९५८ मधलं ‘बटरफ्लाय लव्हर्स’. कथा चिनी आहे आणि चिनी घराघरात ती माहीत असते. झू यिंगताई नावाच्या मुलीला शिकायचं असतं. मुलींना पाठशाळेची दारं बंद, म्हणून ती मुलाच्या वेशात जाते. तिथे लिआंग शानबो तिचा सहाध्यायी होतो. तीन वर्षं एकत्र अभ्यास चालतो, पण ती मुलगी आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं. तो झुरून मरतो. लग्नाची मिरवणूक त्याच्या थडग्यापाशी येते तेव्हा वादळ उठतं, थडगं दुभंगतं, ती आत उडी घेते आणि दोन फुलपाखरं बाहेर पडतात.

आता ही कथा भारतीय नृत्याच्या भाषेत बसवायची म्हणजे काय करायचं, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे. आपल्या नृत्याला वेशांतर नवं नाही. मोहिनी आहे, बृहन्नडा आहे. पण तिथे पुरुष स्त्री होतो. इथे मुलगी मुलगा होते, आणि तीन वर्षं ते लपवते. म्हणजे नर्तकीने चाल पुरुषाची ठेवायची, छाती आणि खांदे ताठ ठेवायचे, आणि डोळ्यांतून मात्र प्रेक्षकांना सांगत राहायचं की आत कोण आहे. समोरच्या नटाला ते कळता कामा नये, पण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कळलं पाहिजे. अभिनयाची अशी परीक्षा पौराणिक कथांतही क्वचितच सापडते. कथा चिनी असली तरी ती सांगण्याची साधनं नाट्यशास्त्राने आधीच देऊन ठेवली होती. शांता भास्करांनी हे ओळखलं, तेही विसाव्या वर्षाच्या आत.

प्रेक्षकांमधल्या चिनी माणसाला मुद्रा कळत नव्हत्या, पण कथा तोंडपाठ होती. भारतीयांना मुद्रा कळत होत्या, कथा नवी होती. एकाच नाट्यगृहात दोघांनी एकमेकांच्या आधाराने प्रयोग पाहावा, अशी ही मांडणी. ही केवढी मोठी गोष्ट होती हे समजायला तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. १९५० चं दशक सिंगापूरमध्ये दंगलींचं आणि संपांचं होतं, आणि पुढे १९६४ मध्ये चिनी आणि मलय यांच्यात मोठी दंगल झाली. १९५९ मध्ये स्वराज्य मिळाल्यावर नव्या सरकारने ‘अनेका रागम राअयात’ या नावाने मोकळ्या मैदानांवर फुकट कार्यक्रम सुरू केले. चिनी, मलय, भारतीय कलाकार एकामागून एक एकाच मंचावर यायचे. भास्कर दांपत्य त्या कार्यक्रमांतही नाचलं. सरकार जे धोरण म्हणून करू लागलं, ते शांताबाईंनी आधीच एका नृत्यनाट्यात करून दाखवलेलं होतं. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे.

पुढे त्यांनी मनोहरा या थाई कथेतल्या किन्नरीवर नृत्यनाट्य केलं. त्यासाठी थाई नृत्याचा अभ्यास केला. १९७७ मध्ये सिंगापूर विद्यापीठात विद्यार्थ्यांचा भारतीय नृत्याचा गट सुरू झाला, तो त्यांनी कित्येक दशकं सांभाळला. त्यातले बरेच विद्यार्थी भारतीय वंशाचे नव्हते. १९९० मध्ये त्यांना कल्चरल मेडॅलियन हा देशातला सर्वोच्च कलासन्मान मिळाला. के. पी. भास्कर २०१३ मध्ये गेले. शांताबाई शेवटपर्यंत काम करत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेल्या.

नृत्यनाट्य म्हणजे नेमकं काय, हेही थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे भरतनाट्यम म्हटलं की एकटी नर्तकीच डोळ्यांसमोर येते. एकट्याने नाचण्याच्या या पद्धतीला एकाहार्य म्हणतात. एकच नर्तकी यशोदा होते, लगेच कृष्ण होते, मग तक्रार घेऊन आलेली गवळण होते. वेश बदलत नाही, जागाही फारशी बदलत नाही. नजर आणि मानेच्या वळणावरून प्रेक्षकाने ओळखायचं. नृत्यनाट्यात भूमिका वाटल्या जातात. यशोदा एक, कृष्ण दुसरा. काम सोपं झालं असं वरवर वाटतं, पण तसं नसतं. दुसरा बोलत असताना, म्हणजे हातांनी बोलत असताना, आपण काय करायचं हा प्रश्न एकट्या नर्तकीला कधी पडतच नाही. ऐकण्याचा अभिनय हा नृत्यनाट्याचा कणा आहे आणि विद्यार्थ्यांना तो शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

भरतनाट्यमला नृत्यनाट्याचं हे रूप मुख्यतः रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी दिलं. १९३६ मध्ये त्यांनी मद्रासला कलाक्षेत्र सुरू केलं, १९४४ मध्ये ‘कुट्राल कुरवंजी’ बसवलं, आणि १९५५ ते १९७० या काळात संपूर्ण रामायण सहा नृत्यनाट्यांत उभं केलं. कलाक्षेत्राचा हा वारसा सिंगापूरला नेला तो नीला सत्यलिंगम यांनी. त्या कोलंबोत जन्मल्या, कलाक्षेत्रात शिकल्या, तिथेच संगीताचं शिक्षण घेतलेल्या एस. सत्यलिंगम यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि १९७४ मध्ये दोघं सिंगापूरला आली. १९७७ मध्ये त्यांनी अप्सरास आर्ट्स ही संस्था काढली. १९८९ मध्ये त्यांनाही कल्चरल मेडॅलियन मिळालं. २०१७ मध्ये त्या गेल्या, पण संस्था अरविंद कुमारस्वामी यांच्या हाती जोमाने चालू आहे. अंगकोरच्या शिल्पांवर बेतलेलं नृत्यनाट्य आणि हनुमानाच्या नजरेतून सांगितलेलं रामायण ही या संस्थेची अलीकडची मोठी कामं. इथेही तीच दृष्टी दिसते. आशियाच्या या टोकाला बसलेला भारतीय नर्तक तमिळनाडूकडे पाहतो तसाच कंबोडियाकडेही पाहतो.

शास्त्रीय नृत्यनाट्याचं सगळ्यात अस्सल आणि सगळ्यात अवघड रूप मात्र कथकळी. भास्करांच्या संस्थेने तेही सिंगापूरमध्ये टिकवलं आहे. कथकळीत नट तोंडाने एक शब्द बोलत नाही. मागे दोन गायक पदं गातात, चेंडा आणि मद्दळम वाजतात, आणि नट चोवीस मूळ मुद्रांच्या जुळणीतून वाक्यंच्या वाक्यं बोलतो.

कथकळीची रंगभूषा जवळून पाहण्यासारखी असते. नट आधी स्वतःच चेहऱ्यावर रेषा आखून घेतो. मग जमिनीवर चटई टाकून उताणा झोपतो. रंगभूषा करणारा त्याच्या डोक्याशी बसून गालाच्या कडेने, कानापासून हनुवटीपर्यंत, तांदळाच्या पिठाची आणि चुन्याची पांढरी कड थराथराने चढवतो. तिला चुट्टी म्हणतात. आता त्यात कागदाची कापलेली पट्टीही बसवतात. नुसती कड वाळायला आणि चढायला तास-दोन तास जातात. नट त्या वेळात बहुधा डोळे मिटून पडलेला असतो, कधी झोपही काढतो. मग हिरवा रंग येतो. नल, अर्जुन, कृष्ण यांचे चेहरे हिरवे. रावण आणि दुर्योधनही हिरवेच, पण त्यांच्या गालावर सुरीच्या पात्यासारखा लाल पट्टा आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरा गोळा असतो. तेजस्वी आहेत पण अहंकारी आहेत, हे त्या पट्ट्याने सांगितलं जातं. दुःशासनाला लाल दाढी, हनुमंताला पांढरी. शेवटी खालच्या पापणीत एक बारीक बी ठेवतात. थोड्या वेळाने डोळा लालभडक होतो आणि दिव्याच्या उजेडात बुबुळाची हालचाल लांबूनही दिसते.

एवढी तयारी झाल्यावरही नट लगेच समोर येत नाही. दोन माणसं रंगीत पडदा धरून उभी राहतात. पडद्यामागून आधी मुकुटाचं टोक दिसतं, मग बोटं पडदा पकडतात, तो किंचित खाली ओढला जातो, डोळे दिसतात, पुन्हा झाकले जातात. चेंडा टिपेला पोचतो तेव्हा पडदा बाजूला होतो. सिंधुदुर्गात रात्र जागवून दशावतार पाहिलेल्या माणसाला हे सारं लगेच जवळचं वाटेल. कथकळीचा खेळही मुळात रात्रभर चालणारा, देवळाच्या आवारातला. सिंगापूरच्या नाट्यगृहात तो दीड-दोन तासांवर आणावा लागतो. त्यात काही हरवतंच, विशेषतः एकाच भावावर तासभर रेंगाळण्याची ती सवड. तरीही आंग मो किओत वाढलेल्या मुलाने हिरवा चेहरा समोर श्वास घेताना पाहिलेला असणं, पुस्तकातल्या चित्रात नव्हे, याचं मोल मोठं आहे.

या सगळ्याचा भार गुरूंवर असतो. भारतीय लोक सिंगापूरच्या लोकसंख्येत सुमारे नऊ टक्के. म्हणजे विद्यार्थी थोडे, संगीतकार त्याहून थोडे. मोठ्या प्रयोगाला मृदंगवादक किंवा गायक अनेकदा चेन्नईहून किंवा केरळहून बोलवावा लागतो. शाळांचं वेळापत्रक कडक, परीक्षांचा ताण जबर; बाराव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेच्या आसपास कित्येक मुली वर्ग सोडतात. ज्या टिकतात त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे एकटीने केलेला पहिला पूर्ण जाहीर कार्यक्रम, होतं. वाद्यवृंद, पोशाख, नाट्यगृह, जेवण असा मोठा खर्च आईबाप आनंदाने करतात. आणि त्या संध्याकाळनंतर बऱ्याच मुलींची घुंगरं कपाटात जातात. ही गोष्ट पुण्या-मुंबईलाही तितकीच खरी आहे.

नृत्यनाट्याचा खरा उपयोग इथे होतो. एकटीचा तासाभराचा कार्यक्रम करत राहणं नोकरी करणाऱ्या मुलीला जमत नाही. पण नृत्यनाट्यातली एक भूमिका, आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम, हे जमतं. तीस-पस्तिशीतल्या बँकेत, रुग्णालयात काम करणाऱ्या बायका अशा गटांत वर्षानुवर्षं नाचत राहतात. नव्या मुली त्यांच्या मागे उभ्या राहून शिकतात. एस्प्लनेड नाट्यगृहात २००२ पासून दर वर्षी होणारा ‘कला उत्सवम’ अशा गटांना मोठा मंच देतो. संस्था टिकतात त्या अरंगेत्रमच्या छापील पत्रिकांवर टिकत नाहीत, या बायकांवर टिकतात.

आता मराठी घरांकडे वळू. भरतनाट्यम हे तमिळ लोकांचं, आपण फक्त शिकायला आलेलो, असा एक संकोच परदेशातल्या मराठी पालकांत दिसतो. तो अगदी अनाठायी आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला मराठ्यांचं राज्य स्थापन केलं. त्यांचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत नाटकं लिहिली. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांत मोजतात, आणि ते भागवत मेळ्याच्या पद्धतीचं, म्हणजे नृत्य-गायनाने भरलेलं आहे. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमचा मार्गम, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम, घडवला, तो याच दरबाराच्या आश्रयाने. सिंगापूरच्या बंदरात स्टॅमफर्ड रॅफल्स १८१९ मध्ये उतरला तेव्हा तंजावरला एक मराठी राजा नृत्यासाठी मराठी रचना करत होता.

त्या रचनाही साध्या नाहीत. त्यांना निरूपण म्हणतात. सरफोजींच्या प्रत्येक निरूपणात अठरा नृत्यप्रकार एका ओळीने येतात. जयजय, शरणू, अलारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद असं करत करत मंगलापर्यंत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत राग एकच, ताल एकच आणि कथासूत्रही एकच. म्हणजे एकटीच्या नृत्यालाही नाटकासारखी सलग कथा देण्याचा हा प्रयत्न, रुक्मिणीदेवींच्या शंभराहून अधिक वर्षं आधीचा. आणि ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात तर सरफोजींनी भविष्य सांगणाऱ्या कोरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल गायला लावला आहे! देशोदेशीची नावं पदांत बांधून रंगमंचावर आणणारा हा राजा आंग मो किओतल्या घरांना परका कसा असेल?

हे साहित्य तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होतं. ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने १९५८ मध्ये, ‘बटरफ्लाय लव्हर्स’ रंगमंचावर आलं त्याच वर्षी, ते छापलं गेलं. मुंबईचे गुरू पार्वतीकुमार यांनी ते हाती घेतलं, त्यातल्या रचना नृत्यात पुन्हा उभ्या केल्या आणि ‘तंजावर नृत्य प्रबंध’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी या मराठी रचना रंगमंचावर नाचून दाखवल्या. पुढे त्या मार्गम घडवणाऱ्या चार भावांच्या घराण्यातले किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या.

आणि मराठी रंगभूमीचं स्वतःचं काय? उत्तर कानड्यातल्या करकी गावची भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ झालं आणि तो दिवस आपण आजही रंगभूमी दिन म्हणून पाळतो. कानडी खेळ, सांगलीचा राजा, मराठी पदं. शेजाऱ्याचं घ्यायचं आणि त्यातून आपलं उभं करायचं, ही शांता भास्करांची रीत मराठी माणसाने त्यांच्याही आधी शतकभर वापरलेली आहे.

म्हणून सिंगापूरमधल्या मराठी पालकांना आणि महाराष्ट्र मंडळाला एक सांगणं आहे. तुमच्या मुली अडवू आणि तिल्लाना शिकत आहेतच. त्यांच्या गुरूंना सरफोजींच्या एखाद्या मराठी निरूपणाची संहिता नेऊन द्या. बहुतेक गुरू ती आनंदाने घेतील, कारण तंजावरचं नाव त्यांना तुमच्याहून जवळचं आहे. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात चित्रपटगीतांच्या मधे वीस मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. अठरा प्रकार नको, चार घ्या. आणि त्या दिवशी समोरच्या घरातल्या चिनी आजींनाही घेऊन या. त्यांना शब्द कळणार नाहीत, कथा आधी दोन वाक्यांत सांगा. पुढचं नर्तकीवर सोपवा.